आबा, मी हाय का?

मुक्तामावशी गावात कुणालाही दिसली की तिला एकच गोष्ट विचारली जायची. विचारण्याची तऱ्हा मात्र ज्याची त्याची. झुंबरबाई कमरेवर हात ठेवून, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात, "काय गं मुक्ते, आला का तुजा कागुद?" कोंडाआबा आधी भाताचं विचारणार, मग म्हशीचं, मग खोकणार, आणि पाठ फिरवून चार पावलं गेल्यावर तिथूनच, "आन त्ये... आफ्रिकेचं?" पोस्टमन दत्तोबा तर तोंड उघडायचाच नाही. मळवलीहून सायकल रेटत भाज्यात यायचा आणि मावशीच्या ओट्यापाशी खाली न उतरता घंटी एकदाच वाजवून पुढं जायचा. घंटी वाजली म्हणजे आज काही नाही. मावशीचं सगळ्यांना ठरलेलं उत्तर होतं, "यील की. बोटीतनं येतोय, त्येला काय पाय हायेत व्हय पळत याला?"

तिला जाऊन आता वर्ष झालं. तिच्या ओट्यावर आबांची वैरण रचलेली असते. दत्तोबा अजून तिथं आला की त्याचा अंगठा आपोआप घंटीवर जातो, मग त्याच्या लक्षात येतं आणि तो इकडंतिकडं बघतो.

मावशीचा नवरा गेणूकाका लोणावळ्याच्या इंजिनशेडात फिटर होता. खंडाळ्याच्या घाटात गाडीला मागून रेटणारी इंजिनं त्याच्या हाताखालून जायची. अडतीस साली आफ्रिकेतल्या एका रेल्वेला फिटर हवे होते. शेडातले तिघे गेले, त्यांत हा. चिंगी, त्यांची मुलगी, तेव्हा तीन महिन्यांची होती. करार चार वर्षांचा. मग लढाई लागली, बोटी सैन्याच्या झाल्या आणि चाराची आठ वर्षं झाली. चिंगीला बाप म्हणजे पाकीट वाटायचं. कुणी मुद्दाम "तुजा बा कुटाय गं?" विचारलं की ती घरात पळायची आणि पाकिटांचा गठ्ठा आणून समोर धरायची.

त्या पाकिटांतली पत्रं शाळेचे मास्तर वाचून दाखवायचे. मास्तर सगळं एकाच सुरात वाचतात, मग तो पाढा असो की कुणाच्या मयताची बातमी. "आम्ही... येथे... खुशाल आहोत. तुमची खुशाली... कळवावी." मावशी खांबाला टेकून ऐकायची आणि नाक मुरडायची. "मास्तर, त्ये असं न्हाई बोलत." मग तेच वाक्य ती जरा बसक्या आवाजात, शेवटचा शब्द अर्धा गिळून बोलायची, "मी हितं बरा हाय. तू येळंवारी जेवतीस न्हवं?" पत्रात जेवणाचं अक्षर नसायचं. पण म्हातारी माणसं म्हणायची, डोळे मिटले तर गेण्याच बसलाय. मास्तरांचा आवाज मलाही काढता येतो, हवालदाराचा येतो, झुंबरबाईचा तर झोपेतही येईल. पण कागदावर नसलेलं वाक्य त्या माणसाच्या घशातून बाहेर काढायचं, हे मी एका मावशीपाशीच ऐकलं.

शेहेचाळीसच्या उन्हाळ्यात जे पत्र आलं ते मास्तरांनी दोनदा वाचलं. गेणूकाकानं बायको-मुलीला तिकडं नेण्यासाठी अर्ज केला होता. तिथल्या परवान्याच्या हापिसाचा कागद हातात असल्याशिवाय बोटीवरून खाली पाय ठेवू देत नाहीत. रेल्वेच्या साहेबानं त्याच्यासाठी दोन खोल्यांचं क्वार्टर राखून ठेवलं होतं, पण पुढच्या सालच्या नाताळापर्यंतच. तोवर कुटुंब आलं तर खोल्या त्याच्या. नाही आलं तर पुन्हा एकट्या माणसांच्या बराकीत खाट, आणि नवा करार पाच वर्षांचा. मावशीनं बोटांवर मोजलं. पाच वर्षांनी चिंगी चौदाची झाली असती.

"म्हंजी बापाला भेटायच्या आधीच पोरीचं लगीन," झुंबरबाई म्हणाली. ती असं बोलते आणि मग स्वतःच दुसऱ्याला डोळे पुसायला पदर देते.

त्या उन्हाळ्यापासून मावशीच्या घरात आफ्रिकेची तयारी सुरू झाली. काय मजा होती त्या दिवसांत. लोणावळ्याच्या बाजारातून चिंगीला कॅनव्हासचे बूट आणले. चिंगी ते घालून देवळापर्यंत जाऊन यायची, आणि पाय इतके उचलायची की चिखलातल्या बगळ्यानं शिकावं. फोटो काढायला दोघी गेल्या. फोटोवाला काळ्या फडक्यातून म्हणाला, "बाई, जरा खुशीत बसा." मावशी म्हणाली, "कशापायी? सायबाला वाटंल, हितंच खुशीत हाय, मंग कशाला तिकडं घ्यायची." त्या फोटोत ती इतकी दुःखी दिसते की चिंगी तो बघून रडायला लागली. आणि गेणूकाका पत्रातून तिकडचे शब्द कळवायचा, उतरल्यावर अडायला नको म्हणून. पाण्याला माजी, विस्तवाला मोटो, हळूहळूला पोलेपोले. मावशीनं ते म्हशीवर घोटून घेतले. ओढ्यावर नेताना, "पोलेपोले गं बये, माजी कुटं पळून न्हाई चाललं." पुढं पुढं सगळ्या गावाची गुरं पोलेपोलेवर चालायला लागली.

गेणूकाकानं लिहिलं होतं की अर्जाची इकडं चौकशी होईल. चौकशी म्हणजे काय, हे पत्रात नव्हतं. मावशीला वाटलं, कागद जसा टपालानं येणार तशी चौकशीही टपालानं येईल. गावालाही तेच वाटलं. तिथंच घात झाला.

त्याला कारण बेचाळीस साल. त्या साली पुण्याचा एक कॉलेजातला पोरगा भाज्याच्या लेण्यांत अकरा दिवस लपून राहिला होता. गावानं त्याला भाकऱ्या पोचवल्या. पोलीस तीनदा आले, तीनदा सगळ्यांना पारावर बसवून विचारलं, आणि सगळ्या गावातून एक 'व्हय' निघालं नाही. पोरगा सुखरूप निघून गेला. तेव्हापासून गावाच्या अंगात एक गोष्ट मुरली होती. खाकी कपड्यानं काहीही विचारलं, अगदी पाण्याची विहीर कुठं आहे म्हणून विचारलं, तरी आधी न्हाई म्हणायचं, मग विचार करायचा.

भातकापणीच्या दिवसांत एका दुपारी हवालदार आला. बरोबर कचेरीतला एक शिपाई. नेमकी त्याच दिवशी मावशी चिंगीला घेऊन डोंगरापलीकडं बेडशाला, माहेरी भाच्याच्या बारशाला गेली होती. पारावर कोंडाआबा तंबाखू मळत बसले होते. झुंबरबाई डोक्यावरचा भारा टेकवून घाम पुसत होती. हवालदाराचा पुढचा दात पडलेला, त्यामुळे बोलताना मधूनमधून बारीक शिट्टी.

"गेणू बिन महिपती, मूळ राहणार भाजे. घर कुठलं त्याचं?"

आबा गेणूकाकाचे सख्खे चुलते. महिपती त्यांचा थोरला भाऊ. आबांचा अंगठा तळहातावर फिरतच राहिला. "कोन गेणू?"

"बिन महिपती."

"महिपती माजा भाऊ. गेला बिचारा."

"त्याचा मुलगा."

"मुलगाच न्हवता त्येला," आबा म्हणाले, आणि बघणारे शपथेवर सांगतात की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "वयनीनं लय नवस केलं. न्हाई झालं."

हवालदार झुंबरबाईकडं वळला. "बाई, मुक्ताबाई नावाची, या गेणूची बायको..."

"कुनाची?"

"गेणूची."

"आत्ता आबा म्हनलं न्हवं, गेणू झालाच न्हाई म्हनून? न झालेल्याला बायकू कोन देतंय, हवालदारसाहेब?"

"आणि मुलगी? वय वर्षं आठ."

"आता बायकूच न्हाई तर..." झुंबरबाईनं लाजून पदर तोंडाला लावला.

"म्हणजे या नावाचं कुटुंब इथं राहत नाही, असं लिहू?"

"लिव्हा की," आबा म्हणाले. "आन ताक पिऊन जावा. ऊन लय हाय."

हवालदारानं लिहिलं, ताक प्याला आणि गेला. तो ओढ्यापलीकडं दिसेनासा होईपर्यंत कुणी हललं नाही. मग जे हसणं उसळलं ते मळ्यातल्या माणसांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी बेडशाहून परत आली, डोक्यावर गाठोडं, मागं बूट हातात घेऊन चिंगी. पारापाशी सगळ्यांनी तिला अडवलं. आबांनी आपलं काम पुन्हा करून दाखवलं, डोळ्यांतल्या पाण्यासकट. झुंबरबाईनं पदर तोंडाला लावून दाखवला. "तुज्या धन्याच्या नावानं पोलीस आलता मुक्ते. काय भानगड करून बसलाय तिकडं, देव जानं. पन आमी समदं मिटवून टाकलं."

मावशीनं गाठोडं खाली ठेवलं. "काय काय ईचारलं त्येनं?"

"आदी घर, मंग बायकू, मंग पोर."

"आन तुमी?"

"साफ न्हाई म्हनलं."

तिनं सरळ आबांच्या तोंडाकडं बघितलं. सासऱ्याच्या जागी असलेल्या माणसाकडं तिनं असं कधी बघितलं नव्हतं. "आबा," ती म्हणाली, "त्यो माजा कागुद व्हता."

झुंबरबाईनं आपला भारा उचलला आणि घराच्या उलट दिशेनं चालायला लागली.

माघात पत्र आलं. मास्तर वाचत होते आणि पहिल्यांदाच त्यांचा सूर अडखळला. अर्ज नामंजूर झाला होता. गेणूकाकानं लिहिलं होतं, "तू तिथे नाहीस, असे तिकडून इथे लिहून आले आहे. साहेबाने मला विचारले, मग तू पत्रे कोणाला पाठवतोस?" चूक दुरुस्त करून पुन्हा अर्ज करायला एकच संधी होती. मावशीनं ते वाक्य त्याच्या आवाजात म्हणून बघितलं नाही. पत्र घेतलं, घडी घातली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं एकटीच वडगावला तालुक्याच्या कचेरीत गेली.

तिथल्या कारकुनानं तिला बसायला सांगितलं, कागद काढले आणि म्हणाला, "बाई, तुम्ही माझ्यासमोर बसला आहात हे मला दिसतंय. पण तुम्ही त्या मुक्ताबाई आहात हे कशावरून? ज्यांनी नाही म्हणून सांगितलं त्यांनीच येऊन होय म्हणायला हवं."

आता आबा. आबा वाघाला भ्यायचे नाहीत, पण कचेरीच्या पायरीला भ्यायचे. पोलिसाला खोटं सांगितलं हे आपल्या तोंडानं तिथं जाऊन कबूल करायचं म्हणजे बेडी, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मावशी त्यांना ओरडली नाही, रडली नाही. सकाळी आबा राखुंडीनं दात घासायला ओट्यावर बसले की ती डोईवरचा पदर सावरून समोर उभी राहायची.

"आबा, मी हाय का?"

"हायेस की."

"आन चिंगी?"

"ती बग, पळतीया न्हवं समोर."

"मंग कचेरीत तसं सांगा."

"सांगू की. डोंगरातलं गवत उतरू दे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. "आबा, मी हाय का?" गवत उतरलं, तर आबांचा गुडघा धरला. गुडघा सुटला, तर शिमगा आला. आम्ही पोरं त्या वेळेला मुद्दाम कुंपणापाशी जाऊन बसायचो, कारण आबांचं उत्तर रोज निराळं आणि रोज आधल्या दिवसाहून बारीक आवाजात यायचं. एकोणीस सकाळी असं झालं.

विसाव्या सकाळी मावशी आली नाही. आबांनी दात घासले, पुन्हा घासले, चूळ भरली. रस्त्याकडं बघितलं. शेवटी स्वतःच उठून तिच्या दारात गेले.

"मुक्ते? आज आली न्हाईस?"

आतून जरा घोगरा, तंबाखूनं जड झालेला आवाज आला. आबांचाच आवाज, हुबेहूब. "कोन मुक्ता? हितं त्या नावाची बाई न्हाई. महिपतीला मुलगाच न्हवता. वयनीनं लय नवस केलं."

आबा दारातूनच मागं फिरले. मग घरी गेले, खुंटीवरचं पागोटं काढलं, आणि पाराकडं तोंड करून एवढंच म्हणाले, "ज्यानं ज्यानं न्हाई म्हनलंय त्यानं चला."

मळवलीहून वडगावला त्या दिवशी सात माणसं गेली. कचेरीतलं सगळं मला झुंबरबाईकडून, आबांकडून आणि मास्तरांकडून वेगवेगळं ऐकायला मिळालं. जिथं तिघांचं जमतं तेवढंच सांगते.

कारकुनानं चष्मा वर केला. "तुम्ही हवालदाराला सांगितलंत, गेणू जन्मलाच नाही."

"सांगितलं," आबा म्हणाले.

"आणि आता?"

"आता झालाय."

कारकुनानं टाक खाली ठेवला. "कधी झाला?"

"पलेगाच्या साली. आमी समदी गाव सोडून रानात झोपड्या घालून व्हतो, तितंच झाला. सुईन आनायला मीच गेलतो पाटणला. पाऊस असा की ती म्हनली, मी न्हाई येत. तिला पाठीवर घिऊन आलो, सायेब."

"मग खोटं का सांगितलंत?"

"पोलीस ईचारीत व्हता."

"आणि मी विचारतोय म्हणून खरं?"

"तुमी न्हाई." आबांनी मान वळवून दाराशी उभ्या असलेल्या मावशीकडं बघितलं. "ती ईचारतीया. ईस दीस झालं."

कारकुनानं खाली मान घालून लिहायला सुरुवात केली. आता झुंबरबाईला राहवेना. तिला वाटलं, नाही म्हणताना जेवढा जोर लावला त्याहून जास्त आता लावायला हवा. "सायेब, हीच ती मुक्ता. हिची चारी बाळंतपनं मी केल्याती."

"अर्जात एकच मुलगी आहे."

"बरं, येकच. पन चौघांना भारी हाय."

मावशी तोंडाला पदर लावून हसली. नामंजुरीच्या पत्रानंतर ती हसलेली पहिल्यांदा दिसली, असं मास्तर सांगतात. कारकुनानं तिची पत्रं मागितली, त्यातली तीन-चार मनाशी वाचली, पाकिटांवरचे शिक्के बघितले आणि सगळ्यांचे अंगठे घेतले. अंगठा उठवून झाल्यावर आबा दोन्ही हात जोडून, मनगटं पुढं करून उभेच राहिले.

"आता काय?" कारकून म्हणाला.

"बेडी."

"घरी जा, आजोबा."

त्यानंतर पुन्हा वाट बघणं. पण हे वाट बघणं आधीच्यासारखं नव्हतं. आता ते एकट्या मावशीचं राहिलं नाही, सगळ्या गावाचं झालं. आबा दत्तोबाला गाठायला मळवलीच्या फाटकापर्यंत जायला लागले. झुंबरबाईनं देवीला खण बोलला आणि वर देवीला बजावलं, "मागं चुकलं ती माजी जीभ व्हती, हिची न्हवं." ऑगस्टात स्टेशनवर झेंडे लागले, शाळेत पेढे वाटले. मावशी पेढा हातात घेऊन मास्तरांना विचारत होती, "राज बदललं, तर त्यो कागुद चालंल न्हवं? का पुन्हा पयल्यापासनं?" मास्तरांना माहीत नव्हतं. "चालेल, चालेल," ते म्हणाले, पण त्या दिवशी त्यांचाही पेढा हातातच राहिला.

आश्विनात एका सकाळी दत्तोबा आला आणि घंटी वाजली नाही. तो ओढ्यापाशीच सायकलवरून उतरला होता, आणि सायकल हातात धरून चालत येत होता, डोक्यावरची टोपी नीट करत. मागं आबा होते, धापा टाकत. "मावशी, सही लागंल," दत्तोबा म्हणाला. आठ-नऊ वर्षांत तो तिच्याशी बोललेला हा पहिला शब्द असावा.

कागद इंग्रजी होता. मास्तर आले, त्यांनी तो त्यांच्या त्याच सुरात, प्रत्येक शब्दाखाली बोट सरकवत मराठीत सांगितला. पत्नी एक. कन्या एक. प्रवेशास परवानगी. मावशीनं खांब धरला होता.

"पुन्यांदा सांगा," ती म्हणाली.

मास्तरांनी पुन्हा सांगितलं. मग ती आत गेली आणि भाकरी घेऊन बसली. शिळी भाकरी, नुसत्या मिठाबरोबर, एक अख्खी खाल्ली. झुंबरबाई दारात बसून तिच्याकडं बघत राहिली.

देवीच्या लशीचा दाखला, बोटीची चिठ्ठी, या सगळ्यात कार्तिक उजाडला, नाताळाला दीडच महिना उरला. म्हैस आणि खाचर आबांना सांभाळायला दिलं. जायच्या सकाळी मळवलीला अर्धं गाव होतं. गाडी दोनच मिनिटं थांबते. चिंगी खिडकीत बसली, पायांत बूट, मांडीवर पाकिटांचा गठ्ठा. झुंबरबाई तिला सांगत होती की बाप दिसल्यावर लाजायचं नाही, आणि एवढ्या मोठ्यानं सांगत होती की गार्डनंही मान डोलावली. मावशी आबांच्या पाया पडायला वाकली. आबांना बोलायचं होतं, पण आधी भाताचं आलं. "तुजं भात आज कापाय पायजे," ते म्हणाले. "वलं हाय, पन ऱ्हात न्हाई आता. आन म्हशीचं..." तेवढ्यात शिट्टी झाली. ती चढली. गाडी लोणावळ्याच्या बाजूनं निघाली, आणि बराच वेळ खिडकीतून तिचा हात दिसत होता, मग नुसते रूळ.

आम्ही चालत गावात आलो. कुणी घरी गेलं नाही. मावशीच्या खाचरातलं भात पिकून आडवं झालं होतं, त्यामुळे सगळे तसेच, स्टेशनवर घातलेल्या धुवट कपड्यांनिशी, विळे घेऊन खाली उतरलो. आबा सगळ्यांच्या पुढं होते. दुपार कलेपर्यंत खाचर अर्धं मोकळं झालं.